अर्धा गुण

आधी हात धुवायचे. साबणाने, मग नुसत्या पाण्याने,
आणि काम संपेपर्यंत शेवेला शिवायचं नाही,
हे इंदुरात राहून.

मग दिवा तिरपा करायचा.
सरळ उजेडात सगळीच पुस्तकं साळसूद दिसतात,
तिरप्यात कबूल होतात:
कण्यावरच्या केसाएवढ्या चिरा,
पिनेच्या गंजाचा तांबूस ओघळ,
मुखपृष्ठावर वही ठेवून कुणीतरी सोडवलेला,
खोल उमटलेला, चुकलेला लसावि.

मी दहापैकी गुण देतो.
दहा अजून कुणालाच दिले नाहीत.
मास्तरांचा मुलगा, दुसरं काय, बायको म्हणते.

मंगळवारी शरयू टिल्लू आली,
खजुरी बाजारात न्यायला काढलेली पेटी
अर्ध्या रस्त्यातून फिरवून.
"तो किलोने मागत होता. तुम्ही म्हणे एकेक बघता."
सत्तरेक अंक, डांबरगोळ्यांचा वास,
आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर जांभळा गोल शिक्का:
टिल्लू वाचनालय, मल्हारगंज. रोजचे पंचवीस पैसे.
पान फाडल्यास पूर्ण किंमत.

शिक्क्याचा अर्धा गुण कापला.
तिला शिक्का वडिलांच्या आवाजात ऐकू येत असावा,
मला नोंदवहीत तसा रकाना नाही.

अंक एकतिसावा. कप्तान चक्रवात और नमक का क़िला.
रंग ओले वाटावेत इतके ताजे. कणा ताठ.
मनात साडेआठ म्हणून मोकळा झालो,
असा अंक आख्ख्या माळव्यात नसेल, भिया!
आणि पान सत्तावीस उलटलं.

खालच्या कोपऱ्यात चौकोनी खिडकी.
खिडकीतून एकोणतिसाव्या पानावरचा समुद्र.

कूपन कापलेलं.
ब्लेड सरळ गेलेलं नाही, शेवटी डावीकडे घसरलेलं.

मी डावा हात टेबलाखाली घेतला.

पाच कूपनं पाठवा, अंधारात चमकणारी अंगठी मिळवा.
माझी चारच झाली होती.
पाचव्या अंकाआधी कंपनीच बंद पडली
आणि टिल्लूकाका, परत आलेला अंक
अंगठ्याने फर्रकन सोडून बघायचे,
सत्ताविसाशी क्षणभर थांबायचे,
म्हणायचे, पुढचा कुठला देऊ?

"अर्धा," मी म्हणालो. "दहापैकी अर्धा. तुकडा नाही, म्हणजे अपूर्ण."
शरयूने मान हलवली.
"बाबा म्हणायचे, कापणारा डावखुरा आहे."
"कोण?"
"नाव नाही सांगितलं. विचारलं तर हसायचे."
माझा पेन कुठल्या हातात आहे
हे तिने पाहिलं की नाही, कळलं नाही.

रात्री पत्र्याचा डबा उघडला.
तिसरा तुकडा बरोब्बर बसला, घसरलेल्या कडेसकट.
पुस्तक पिवळं झालंय, कूपन अजून पांढरं,
डब्यात ऊन पोचलंच नव्हतं त्याला.
चिकटवलं तर 'दुरुस्त केलेला' असं लिहावं लागेल,
गुण तेवढेच राहतील. नियम माझाच.

मग तुकडा उलटा केला.
इतक्या वर्षांत उलटून बघितला नव्हता,
मला अंगठीशी मतलब.
मागे अठ्ठाविसाव्या पानावरचा कप्तानाचा हात,
मनगटापासून पुढचा. उघडा तळवा,
तळव्यावर क़िल्यातून आणलेला मिठाचा खडा.

माझ्यानंतर हा अंक नेणाऱ्या मल्हारगंजातल्या
एकाही पोराला कळलं नसेल
कप्तान राजाला काय देतोय.
सगळ्यांनी पंचवीस पैसे भरले होते.

छापील किंमत तीन रुपये.
साडेआठ गुणांच्या अंकाची, आजच्या भावाने, वेगळी.
पूर्ण किंमत म्हणजे यातली कुठली
ते शिक्क्यावर लिहिलेलं नाही.

सकाळी फोन लावतो.
आधी हात धुतो.